चंद्राला खळं पडलं, आभाळात पिसं दिसली : बोट वळवायची का?



मागच्या थंडीत आपल्या पेजवर एका ताईंचा मेसेज आला. माहेर रत्नागिरीकडचं, राहायला ग्वाल्हेरला. राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे त्या फूलबागेच्या बाजूने रात्री घरी जाताना त्यांना चंद्राभोवती मोठं गोल खळं दिसलं. दिवसभर आभाळात पिसांसारखे पांढरे ढगही होते. फोटो काढून त्यांनी पाठवला आणि विचारलं, "भाऊ बोटीवर गेलाय, चार दिवसांनी येणार. आजी सांगायची, खळं पडलं की दर्या बिघडतो. त्याला निरोप देऊ का?"

ताईंना त्याच रात्री उत्तर दिलं की फूलबागेवरचं आभाळ वेगळं आणि रत्नागिरीसमोरचं वेगळं, मधे हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. भावाच्या भागासाठी त्या दिवशी हवामान खात्याचा कसलाही इशारा नव्हता, तेही सांगितलं. पण प्रश्न वेडगळ मुळीच नव्हता. आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते आपल्या प्रत्येक तांडेलाला आणि घरच्या माणसांना माहीत असायला हवं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, लांब आहे.

आधी हे ढग असतात काय ते बघू. आपल्याला रोज दिसणारे कापसाचे गोळे किंवा पावसाळ्यातले काळे ढग पाण्याच्या बारीक थेंबांचे असतात, आणि त्यांचा तळ साधारण एक-दोन किलोमीटरवर असतो. हे पिसांचे ढग मात्र फार वर असतात. आपल्या भागात सहा किलोमीटरच्या वर कुठेही, अगदी सोळा-अठरा किलोमीटरपर्यंत. खाली आपण घामाने निथळत असलो तरी दहा किलोमीटरवर उणे तीस अंशांच्या खाली गारठा असतो आणि बारा किलोमीटरवर उणे पन्नासच्या आसपास. उणे चाळीसच्या खाली पाण्याचा थेंब पाणी म्हणून टिकतच नाही, गोठतो. म्हणजे हे ढग निव्वळ बर्फाचे. आपण बोटीच्या खणात बर्फ भरतो ना, त्याचाच चुरा, पण डोळ्याला एकेक कण दिसणार नाही इतका बारीक आणि इतका विरळ की त्यातून सूर्य आरपार दिसतो.

शास्त्रात यांना सिरस म्हणतात. लॅटिनमधे या शब्दाचा अर्थ केसांची बट. लंडनमधे औषधांचा धंदा करणारा ल्यूक हॉवर्ड नावाचा माणूस होता, त्याने १८०२ साली ढगांची वर्गवारी मांडली आणि हे नाव दिलं. हवामान खात्यात काम न करता, नुसतं वर बघून. आपले जुने तांडेल हेच करायचे, फक्त त्यांनी लिहून ठेवलं नाही.

बट किंवा पीस का दिसतं? वर बर्फाचे कण तयार होतात आणि खाली पडायला लागतात. पण खालच्या थरात वाऱ्याचा वेग वेगळा असतो, त्यामुळे ते कण मागे ओढले जातात आणि ढगाला शेपटी फुटते. काही शेपट्या गळासारख्या वाकलेल्या असतात. हा बर्फ जमिनीपर्यंत कधी येत नाही, वाटेतल्या कोरड्या हवेत उडून जातो. म्हणून सिरसमधून पाऊस पडत नाही. डोक्यावर कितीही पिसं असली तरी त्यांच्यामुळे वलांडीवरचे बोंबील भिजणार नाहीत.

ओळखायचं कसं? तीन-चार साध्या खुणा आहेत, उपकरण लागत नाही.

पहिली खूण सावलीची. डेकवर उभे राहा आणि आपली सावली बघा. पातळ बर्फाचा ढग सूर्यावर आला तरी सावली पडते, थोडी फिकट पडेल एवढंच. सूर्य दुधी काचेमागे ठेवल्यासारखा दिसतोय आणि सावली नाहीशी झालीय, तर समजा ढग जाड झाला आणि खाली उतरला. तो आता सिरस नाही, मधल्या थरातला ढग आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी खूण करंगळीची. कधीकधी वरचे ढग लहान लहान दाण्यांचे, लाटालाटांचे दिसतात. इंग्रज दर्यावर्दी अशा आभाळाला बांगड्याचं आभाळ म्हणत, कारण बांगड्याच्या पाठीवर असतात तशा त्या रेषा. (आपण रोज बांगडा हाताळतो, पण हे नाव आपल्याला सुचलं नाही!) असा ढग डोक्यावर असताना हात पूर्ण लांब करा आणि करंगळी उभी धरा. ढगाचा एक दाणा करंगळीमागे पूर्ण लपला तर तो वरचा ढग. दाणा करंगळीहून मोठा, दोन-तीन बोटांएवढा असेल तर तो मधल्या थरातला, पाण्याच्या थेंबांचा ढग. क्षितिजाजवळच्या ढगांवर ही परीक्षा करू नका, तिथे सगळेच लहान दिसतात.

तिसरी खूण संध्याकाळची. सूर्य बुडाला की खालचे ढग लगेच काळवंडतात. वरचे ढग मात्र बराच वेळ उजेडात राहतात, आधी पिवळे, मग केशरी, मग गुलाबी. ज्या ढगाचा रंग सर्वांत शेवटी जातो, तो सर्वांत उंच.

आणि चौथी खूण म्हणजे ताईंनी पाहिलं ते खळं. याच्याबद्दल आपल्याकडे इतकं काही बोललं जातं की जरा थांबून सांगायला हवं.

बर्फाचे हे कण सहा बाजूंचे असतात, पेन्सिलीच्या तुकड्यासारखे. चंद्राचा किंवा सूर्याचा उजेड एका बाजूने आत शिरतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि वाटेत वळतो. कमीत कमी वळतो तो २२ अंशांनी. म्हणून चंद्रापासून २२ अंशांवर उजेडाचं वर्तुळ दिसतं. हात लांब करून अंगठा चंद्रावर ठेवा आणि वीत ताणा, करंगळीचं टोक साधारण खळ्यावर येईल. एक वीत. ते रत्नागिरीत मोजा, ग्वाल्हेरला मोजा किंवा आखातात गेलेल्या आपल्या पोरांना मोजायला सांगा, एक वीतच भरणार. सूर्याचं खळं बघताना सूर्य डोलकाठीआड किंवा अंगठ्याआड घ्या, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका.

मग काही लोक म्हणतात, खळं कधी चंद्राला चिकटून असतं आणि कधी लांब असतं. बरोबर बघतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्राला चिकटून जो लहान रंगीत गोल दिसतो, आतून निळसर-पांढरा आणि कडेला तांबूस, तो बर्फाचा नाही. तो बहुतेक वेळा पाण्याच्या बारीक थेंबांच्या ढगामुळे दिसतो आणि वादळाशी त्याचा संबंध जोडण्यासारखं काही नसतं. लांबचं, एक वीत अंतरावरचं, बहुतेक पांढरं आणि आतल्या कडेला पुसट तांबूस असलेलं, ते खरं बर्फाचं खळं. ते दिसलं म्हणजे एवढंच नक्की की तुमच्या डोक्यावर काही किलोमीटर उंचीवर बर्फाचा पातळ पडदा पसरलाय. तो पडदा कुठून आला, हा खरा प्रश्न. आजीच्या सांगण्यातला अर्धा भाग निसटतो तो इथेच.

फूलबागेवर तो कुठून आला होता? उत्तर भारतात हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, बारा किलोमीटरच्या आसपास. त्या प्रवाहात भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानवरून एकामागोमाग एक हवेच्या कमी दाबाच्या लाटा येतात. टीव्हीवर त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. लाट पोचण्याच्या आधी तिचे वरचे ढग पोचतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर, आग्रा, दिल्लीकडे आधी पिसं दिसतात, मग पडदा, मग खळं. पुढे कधी पाऊस आणि गारठा, तर कधी काहीच नाही, नुसता पडदा येऊन निघून जातो. तिथला शेतकरी गव्हासाठी त्याची वाट बघतो. आपल्या समुद्राशी त्या ढगाचं देणंघेणं सहसा नसतं.

सहसा म्हटलं, कारण उलट दिशेने संबंध आलेला आहे. मे २०२१ मधलं तौक्ते आठवतंय ना? आपल्या किनाऱ्याला झोडपून ते १७ तारखेच्या रात्री दीव-उना भागात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. तिथे संपलं असं वाटलं. पण त्याचा उरलेला भाग राजस्थानवरून पुढे सरकला आणि १९-२० मेच्या चोवीस तासांत दिल्लीत मे महिन्यातला विक्रमी पाऊस पडला, सुमारे ११९ मिलिमीटर. समुद्रातलं वादळ आणि ग्वाल्हेर-दिल्लीचं आभाळ यांचा दोर असा कधी कधी जुळतो, पण तेव्हा वादळ आधी आपल्याकडे येऊन गेलेलं असतं.

आता आपल्या किनाऱ्यावर हे ढग कुठून येतात ते बघा. चार वाटा आहेत.

विमानांची वाट सगळ्यांत सोपी. मुंबईच्या वरून दिवसभर विमानं जातात, त्यांच्या मागे पांढरी रेघ उमटते, तोही बर्फच. रेघ लगेच पुसली गेली तर वरची हवा कोरडी. तासभर टिकून फुगत गेली, तर वर ओलावा आहे. एवढाच अर्थ.

दुसरी वाट गडगडाटी ढगांची. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर सह्याद्रीवर ढग उभे चढतात, बारा-पंधरा किलोमीटर गाठतात आणि मग वर जागा न उरल्याने आडवे पसरतात, लोहाराच्या ऐरणीसारखे. ती पसरलेली ऐरण म्हणजे बर्फाचा ढग. आईबाप असलेला सिरस म्हणा. खाली काळा खांब दिसत असेल तर ओळखायला अडचण नाही. हा ढग उद्याची खबर देत नाही, पुढच्या तास-दीड तासाची देतो. खाली वीज आणि अचानक सुटणारा झोताचा वारा असतो. किनाऱ्याजवळच्या लहान होडीवाल्यांनी याला सर्वांत जास्त भ्यायला हवं, असं आमचं मत आहे.

तिसरी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर खाली नैर्ऋत्येचा वारा असतो, पण चौदा-पंधरा किलोमीटरवर बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा प्रवाह असतो. पावसात उघडीप मिळाली की वर बघा, खालचे ढग सह्याद्रीकडे पळतायत आणि वरची पिसं समुद्राकडे निघालीत. हे दरवर्षीचं आहे, घाबरायचं नाही.

चौथी वाट चक्रीवादळाची. आजी जिच्याबद्दल सांगायची, ती हीच.

चक्रीवादळात खाली हवा आत खेचली जाते, घड्याळाच्या उलट फिरत. ती हवा मधे वर चढते. वर गेलेली हवा कुठेतरी बाहेर पडायलाच हवी, म्हणून ती माथ्यावर चहूकडे फेकली जाते, घड्याळाच्या दिशेने वळत. तिच्याबरोबर बर्फाचे ढग शेकडो किलोमीटर लांब पसरतात. पाऊस आणि वारा वादळाच्या मधल्या भागात असतो, पण हे पातळ ढग त्याच्या फार पुढे पोचलेले असतात. म्हणून वादळ येण्याच्या दीड-दोन दिवस आधी, समुद्र शांत असताना, ऊन पडलेलं असताना, ही पिसं दिसू शकतात.

क्युबात हवाना शहरात फादर बेनितो विन्येस नावाचे एक पाद्री होते. बेलेन कॉलेजच्या वेधशाळेत ते वर्षानुवर्षं या पिसांची दिशा टिपत बसायचे. पिसं आभाळात पंख्यासारखी उघडलेली दिसली, तर पंख्याची मूठ जिकडे असेल तिकडे वादळाचं केंद्र, हा त्यांचा अंदाज. त्यांनी ११ सप्टेंबर १८७५ ला वादळाचा इशारा छापला. उपग्रह नाही, रेडिओ नाही. हवानाच्या बंदरातले लोक पुढे त्यांच्या शब्दावर जहाजं थांबवायचे.

आपल्या समुद्रात हा पंखा इतका सरळ दिसत नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. अरबी समुद्रावर वरच्या थरात बरेचदा एका दिशेचा जोराचा वारा असतो, तो सगळे ढग एकाच बाजूला ओढून नेतो. मग वादळ एकीकडे आणि पिसं भलतीकडे. त्यामुळे नुसत्या पिसांवरून 'वादळ अमुक दिशेला' असं ठरवू नका. क्रम बघा, आणि बाकीच्या खुणा जोडून बघा.

क्रम असा. सकाळी तुटक पिसं. दुपारपर्यंत ती एकमेकांना जोडून दुधासारखा पडदा, सूर्याला खळं. संध्याकाळी पडदा इतका जाड की खळंही दिसेनासं होतं आणि सावली जाते. म्हणजे ढग थराथराने खाली उतरतोय. असं उतरत जाणारं आभाळ वाईट. त्याउलट दिवसभर पिसं आली, विरली, परत आली, खाली काही उतरलं नाही, तर बहुतेक वेळा त्यात काही नसतं. एकच फोटो बघून कुणीही काही सांगू शकत नाही, आम्हीसुद्धा नाही. तीन-चार तासांच्या अंतराने दोनदा बघितलेलं आभाळ बोलतं.

त्याच्या जोडीला वारा बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे मतलई वारा पूर्वेचा असतोच, दुपारी खारा वारा लागतो. ही अदलाबदल चुकली, दुपारी खारा वारा आलाच नाही आणि पूर्वेचा वारा दिवसभर वाढतच राहिला, तर कान टवकारा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात की कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असतं. पूर्वेचा वारा म्हणजे तोंड पश्चिमेला, डावा हात दक्षिणेला. आपल्याकडची बरीच वादळं दक्षिणेकडूनच चढत येतात.

आणि लाट. वारा नसताना लांब लांब, सावकाश, जड लाटा यायला लागल्या तर त्या कुठल्यातरी दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात. वादळाच्या लाटा वादळाच्या आधी पोचतात. पण अशा लाटा पार दक्षिण हिंदी महासागरातूनही येतात आणि तेव्हा जवळपास वादळ नसतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचा वेगळा इशारा देते, तो बघत जा. पिसांचा उतरता क्रम, न बदलणारा पूर्वेचा वारा आणि जड लाट, हे तिन्ही एका दिवशी जुळलं तर मात्र जाळं गोळा करायला कुणाची परवानगी विचारू नका.

आता दुसरी बाजू. ढग न दिसणं हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. हे वाक्य परत वाचा. फयान आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलंय. ९ नोव्हेंबर २००९ ला दक्षिणेला, कन्याकुमारी-लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि ११ नोव्हेंबरच्या दुपारी ते अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर होतं. जेमतेम अडीच दिवस. त्या वेळी हंगाम जोरात होता, बोटी खोल समुद्रात होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सगळे परत आले नाहीत. इतक्या झपाट्याने बनणाऱ्या वादळात आभाळाने दीड दिवस आधी सांगायला हवं ही अपेक्षाच चुकीची, कारण तेव्हा वादळच नुकतं जन्माला आलेलं असतं. २०१७ च्या ओखीचंही तेच. २९ नोव्हेंबरला कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीजवळ वादळ झालंसुद्धा. केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी कुटुंबांचं त्यात होत्याचं नव्हतं झालं. वाचलेल्या काही बोटी पार आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या.

शिवाय पावसाळी दिवसांत खालचे ढग सगळं झाकून टाकतात, अमावास्येला चंद्रच नसतो, धुरकट हवेत पातळ पडदा कळत नाही. म्हणून आमचा नियम असा : ढगाने 'धोका' म्हटलं तर ऐकायचं, ढगाने 'काही नाही' म्हटलं तर रेडिओ ऐकायचा. आभाळ स्वच्छ आहे म्हणून इशारा खोटा, असं म्हणत बंदरातून निघणारी बोट आम्हाला दर हंगामात दिसते.

मालक मंडळींची अडचण आम्हाला ठाऊक आहे. एक फेरी म्हणजे डिझेल, बर्फ, किराणा, खलाशांची उचल. खळं दिसलं म्हणून दरवेळी बोट वळवली तर हंगाम बुडेल. म्हणूनच खुणा बारकाईने ओळखायला शिकायचं. ज्याला चिकटलेल्या रंगीत गोलात आणि वीतभर खळ्यात फरक कळत नाही, तो एकतर उगाच वळतो किंवा दोन वेळा उगाच वळल्यावर तिसऱ्यांदा वळतच नाही. दुसरं जास्त धोक्याचं.

खोल समुद्रात, मोबाईलची रेंज संपल्यावर, तांडेलाने दिवसातून तीनदा वर बघावं : सूर्य उगवताना, दुपारी आणि सूर्य बुडताना. ढग कुठून कुठे जातायत ते डोलकाठीच्या टोकाशी ताडून बघा, पण बोट फिरत असते म्हणून होकायंत्र बघूनच दिशा ठरवा. वरचे ढग मुंगीच्या चालीने जाताना दिसतात. फसू नका, उंचीमुळे तसं वाटतं, प्रत्यक्षात ते तासाला शंभर किलोमीटरच्या पुढेही असू शकतात. बघितलेलं वहीत दोन शब्दांत लिहा. आणि क्रम उतरता वाटला तर पहिलं काम व्हीएचएफवर आजूबाजूच्या बोटींना विचारणं, किनाऱ्याशी संपर्क करणं. चॅनेल सोळा उघडा ठेवा. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आहे, तो घरच्यांच्या फोनमधेही असू द्या.

घरच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वादळाच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर उपग्रहाची चित्रं फिरतात, पांढरा मोठा गोळा आणि खाली लिहिलेलं असतं 'कोकणावर संकट'. यातली बरीच चित्रं उष्णतेवरून घेतलेली असतात. त्यात जितकं थंड तितकं पांढरं. आपला पातळ बर्फाचा पडदा अतिशय थंड, म्हणून तो चित्रात जाड ढगासारखा पांढराशुभ्र दिसतो, खाली ऊन पडलेलं असलं तरी. इन्सॅटची दिवसाची, साध्या उजेडातली चित्रंही हवामान खात्याच्या साइटवर असतात, त्यात तोच पडदा विरळ दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा, आणि मगच पुढे पाठवा. समुद्रावर गेलेल्या माणसाच्या घरी असा एक मेसेज रात्रभर झोप उडवतो.

बंदरावरच्या बावट्याचा अर्थही घरात सगळ्यांना माहीत असू द्या. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे, बंदराला धोका नाही. दोन म्हणजे दूर समुद्रात वादळ झालंय, बंदर सोडणाऱ्यांनी सावध. तीन म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. चार म्हणजे वादळ समुद्रात आहे आणि पुढे बंदराला त्याचा तडाखा बसू शकतो. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय. चांगल्या उन्हात, डोक्यावर नुसती पिसं असताना एक नंबरचा बावटा लागला तर लोक हसतात. तो लांबच्या गोष्टीसाठीच असतो, आणि त्या दिवशी ती पिसं बहुधा त्याच गोष्टीची असतात.